शांताबाईंनी पाहिलेलं रान

पंचनाम्याला निघालं की शांताबाई बांधावरच चपला काढून ठेवत आणि अनवाणी रानात शिरत. "पायाला कळतंय, सायेब, कुठं नुसती वल हाय अन् कुठं मुळं सडली," म्हणत. लोहा तालुक्यातल्या त्या गावाला मी तलाठी म्हणून नवा होतो. त्या तिथल्या कोतवाल. नकाशा माझ्या हातात असे, शिवार त्यांच्या डोक्यात.

त्या पावसाळ्यात नदी सोयाबीनमध्ये शिरली. अतिवृष्टीच्या अनुदानासाठी शेतं पाहत आम्ही माळावर पोचलो. माळाचे मालक उत्तमराव, गावातलं वजनदार माणूस. म्हणाले, "आमचंबी नाव घ्या. सरकारचंच जाणार हाय, तुमचं काय?" मी पेन काढलं. खरं सांगतो, मी लिहिणार होतो. वरून कुणाचा फोन आला तर काय, ही भीती.

शांताबाई पिकातून फिरून आल्या. "मालक, झाडं कमरंला लागून राहिली. नुकसान कुठं दावू?" मग माझ्याकडे वळल्या. "लिव्हायचं तर लिव्हा, सायेब. पण कुणी इचारलं तर मी उभं पीक पाह्यलं म्हणून सांगीन." मी पेन खिशात ठेवलं. परतताना त्यांचं स्वतःचं अर्धा एकर रान लागलं. पीक चांगलं होतं. त्या तिथं थांबल्याही नाहीत.

आठवड्याभरात तहसीलला उत्तमरावांचा अर्ज गेला: कोतवाल पैसे घेऊन नावं घालते. शांताबाईंना दोन महिने हेलपाटे पडले. "इचारू द्या की. सांगायला लई हाय माझ्यापाशी," एवढंच त्या म्हणायच्या. चौकशीत काही निघालं नाही. कामावर मात्र एक दिवस खाडा नाही.

पुढच्या पावसाळ्यात माळावरचा तलाव फुटला. उत्तमराव तेव्हा नांदेडला दवाखान्यात, पोरं पुण्याला. पंचनाम्यांचा शेवटचा दिवस होता आणि मी दुसऱ्याच गावात. शांताबाईंचा फोन आला.

"लगेच या, सायेब. उत्तमरावांचं रान खरडून गेलं. खाली मुरूम दिसून राहिला."

"बाई, त्यांनीच तुमच्यावर अर्ज केला होता," मी बोलून गेलो.

"अर्ज त्यांनी केला, रानानं न्हाई. निघा."

मी गेलो. त्यांनी टेपचं एक टोक धरलं, चिखलातून चारही बांध मोजून दिले. अंधार पडायच्या आत नाव यादीत गेलं.

शांताबाईंच्या नोकरीतली ती शेवटची यादी. ग्रामसभेत ती वाचायची होती. उत्तमराव काठी टेकत आले. शांताबाई नेहमीसारख्या दाराशी उभ्या होत्या. उत्तमरावांनी आपल्यासाठी ठेवलेली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "बसा, बाई." शांताबाई बसल्या, पाठ टेकून, ऐसपैस.

मी यादी वाचली आणि विचारलं, कुणाची हरकत आहे का.

उत्तमरावच बोलले. "बाईनं पाह्यलंय नव्हं? मग पुढं चला."