आपण म्हणजे कोण?

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला नाही, पुण्याला फोनवर आईला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर सांगितलं नसतं. इतका काही मी धीट नाही.

सरळ मुद्द्यावर यायला हवं, पण जमत नाहीये. आधी भाषणाचं सांगतो. भाषण मी झकास केलं होतं — आणि बघा, हे सांगायला मला अजूनही आवडतं!

इथे जर्मनीत, एर्लांगेनला आमचं छोटंसं मराठी मंडळ आहे. गणपतीत चर्चचा हॉल भाड्याने घेऊन आम्ही वादविवाद ठेवतो. गेल्या वर्षीचा विषय होता, अमेरिकेने युरोपबरोबरच्या लष्करी युतीत राहावं की नाही. विषय कोणी ठरवला? आम्हीच. मशीनची डिझाइनं करणारे, कोड लिहिणारे, कॉलेजात एनसीसीची परेड पोटदुखीचं कारण सांगून चुकवणारे आम्ही लोक. साबुदाण्याच्या खिचडीची प्लेट हातात घेऊन आम्ही जगाच्या फौजा इकडून तिकडे हलवत होतो.

मी ‘अमेरिकेने जावं’ या बाजूने बोललो. म्हटलं, हे जर्मन बघा. रविवारी गवत कापायचं नाही, दुपारच्या वेळी काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत, सगळ्याला नियम! पण देशाचं रक्षण कोण करणार? ते अमेरिकेने करायचं. का म्हणून करायचं? तिकडच्या आईबापांनी मुलं पाठवायची आणि इकडच्यांनी वर अमेरिकेला नावं ठेवत बिअर प्यायची? लोक हसत होते. मला चेव चढला होता.

विरुद्ध बाजूला देसाई होते. आमच्यातले एकटेच अभ्यास करून आलेले. त्यांनी नकाशा लावला, पूर्वेकडचे छोटे देश दाखवले. अमेरिका निघून गेली तर पहिली पाळी यांची, असं शांतपणे म्हणाले. यातून अमेरिकेचाही फायदा कसा होतो, तेही सांगितलं. मग मी काय केलं? म्हटलं, “देसाई, युतीचं काय सांगताय? महाराष्ट्रातल्या युत्या आपण बघितल्यात की!” हॉल हसून लोळला. देसाई नकाशाची गुंडाळी करत बसले.

आणि शेवटी मी आवाज चढवून म्हणालो, “आपल्या घराची राखण आपणच करायची असते!” टाळ्या. पहिलं बक्षीस.

सई, माझी मुलगी, मागच्या रांगेत होती. जन्म इथलाच, पासपोर्ट इथला. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून. हे मला फार लागायचं. सायकलवरून घरी येताना तिने विचारलं, “पापा, वेअर इस्ट ‘आपण’?” आपण म्हणजे कोण? जर्मनमध्ये त्याला एकच शब्द असतो, ‘वीर’, आपल्यासारखं ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं नसतं. मी ऐटीत म्हणालो, “आपण म्हणजे ज्यांचं घर ते.” “गेनाऊ,” म्हणाली. बरोबर. आणि सायकल पुढे काढली.

तिने ते मनावर घेतलं होतं. तिने ते खरं मानलं होतं, हो!

वसंतात ती अठरा वर्षांची झाली. या वयाच्या मुलामुलींना आता सैन्याकडून पत्र येतं. आत प्रश्नावली असते, सैन्यात यायला तयार आहात का? मुलांना उत्तर द्यावंच लागतं, मुलींनी दिलं तर दिलं. सईच्या वर्गात एकेकाला पत्रं यायला लागली. एका संध्याकाळी जेवताना तिने जाहीर केलं, मी ‘हो’ लिहिणार. मेधाच्या हातातली पोळी हातातच राहिली. मी म्हणालो, “बघू, पत्र तर येऊ दे.”

पत्र आलं. त्या दिवशी मी घरून काम करत होतो. टपालपेटीत पाकीट, त्यावर तिचं नाव, ‘फ्राऊ’ म्हणजे श्रीमती लावून, आडनावाचं स्पेलिंगसुद्धा अचूक. इथे वीस वर्षांत माझ्या आडनावाचं स्पेलिंग कोणी पहिल्या फटक्यात बरोबर लिहिलेलं नाही.

मी ते फोडलं. वाचलं. आणि फाडलं.

तेवढ्यावर भागलं नाही. पाकिटाची प्लास्टिकची खिडकी सोलून पिवळ्या पिशवीत टाकली, कागद निळ्या डब्यात. पोरीच्या तोंडातला ‘हो’ फाडताना या गृहस्थाने कचऱ्याचं वर्गीकरण केलं! अशा माणसाला काय म्हणायचं? मला शब्द सुचतात, पण ते मेधा घरात बोलू देत नाही.

सई रोज शाळेतून आली की आधी पेटी उघडायची. दोन आठवडे, तीन आठवडे. मग मला विचारलं, माझं काही आलं होतं का? मी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणालो, “नाही.” सगळ्यांना आलं, ती म्हणाली. लेनाला आलं, योनासला आलं. मग म्हणाली, नावामुळे असेल का?

इथे — इथे मला थांबता आलं असतं. निदान ‘नाही गं, पोस्टात हरवलं असेल’ असं एखादं साधं, भित्रं खोटं बोलता आलं असतं. मी काय बोललो? मी म्हणालो, “अगं, शेवटी आपण बाहेरचेच.”

आपण म्हणजे कोण, हे मी तिला दुसऱ्यांदा सांगितलं.

मेधा म्हणाली, त्यांना लिहून विचार ना. सई म्हणाली, ज्यांनी मला विचारलं नाही त्यांच्या दारात मी जाणार नाही. तो विषय त्या दिवशी संपला. मला काय वाटलं विचाराल तर, सुटल्यासारखं वाटलं.

आज मला कोणी विचारलं तर अमेरिकेने युतीत खुशाल राहावं. अगदी कायमचं राहावं. का? देसाईंचा नकाशा मला पटला म्हणून नाही. तिथे कुणाची तरी सई उभी राहावी, माझी नको, म्हणून. माझा सगळा अभ्यास एवढाच. ज्यांना मी बिअर पिणारे म्हणून हसलो, त्यांच्यातल्या किती आईबापांनी ती पत्रं मुकाट्याने मुलांच्या हातात ठेवली असतील.

परवा जर्मनीची फुटबॉल मॅच होती. लहानपणापासून सई गालावर तीन रंग फासून टीव्हीसमोर बसायची. ‘वीर’ जिंकलो, ‘वीर’ हरलो. परवा मी टीव्ही लावला तर ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, “आज त्यांची मॅच आहे वाटतं.”

मराठीत म्हणाली. हल्ली ती घरात मराठीतच बोलते. अठरा वर्षं मी त्यासाठी तिच्या मागे लागलो होतो. मंडळातले लोक कौतुकाने विचारतात, तुम्ही केलंत तरी काय? मी म्हणतो, काही नाही हो, घरातलं वातावरण.