गॅलपचा खंडोबा

आमच्या गावातनं अमेरिकेला गेलेला पहिला माणूस मी, ताई सोडली तर. ताईला दुसरा एखादा भाऊ असता तर तिनं त्यालाच बोलावलं असतं, हे तिनंच मला विमानतळावर घ्यायला आल्यावर सांगितलं.

निघालो त्या सकाळी एस.टी.च्या थांब्यावर निम्मं गाव जमलं होतं. दाजी, म्हणजे ताईचे मिस्टर, तिकडं न्यू मेक्सिकोत गॅलप म्हणून गाव आहे, तिथल्या 'इंडियन हॉस्पिटल'मध्ये डॉक्टर होते. आता बघा, अमेरिकेनं खास आपल्या लोकांसाठी हॉस्पिटल बांधलं, त्यात आपलाच माणूस साहेब, म्हणजे मला तिथं एखादी खुर्ची ठेवलेलीच असणार, असं गावाला वाटलं. त्यांना तसं वाटावं म्हणून मीही कमी मेहनत घेतली नव्हती. शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाला खुर्ची कसली देतात, हे एकटी आई विचारत होती.

तिनं देवघरातला खंडोबाचा टाक मला दिला. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला देव, घोड्यावर बसलेला, खाली कुत्रं, सगळा मिळून तळहातात मावेल एवढा. भंडारा लागलेल्या फडक्यात बांधून तिनं तो माझ्या खिशात घातला आणि म्हणाली, "एवढा घोडा झालास, आता तरी नीट वाग. ह्याला दर रविवारी धू. आणि जसा नेतोस तसा परत आण."

गॅलपला पोचलो आणि पहिल्याच दिवशी कळलं की इंडियन ते वेगळे, तिथले मूळचे आदिवासी. हॉस्पिटलात सगळीकडं लांब केसांचे, निळ्या खड्यांचे दागिने घातलेले लोक, आपले म्हणावे तर एकटे दाजी. बाकावरच्या एका बाईला मी छाती काढून म्हणलं, "आय ॲम इंडियन." तिनं विचारलं, कुठली ट्राइब? मी म्हणलं, महाराष्ट्र. ती म्हणाली, दक्षिणेकडचे असाल. मी म्हणलं, अगदी बरोबर.

खुर्ची मिळाली ती हायवेवरच्या एका मोटेलात, आणि तीही बाथरूममधली. तिकडं कॅलिफोर्नियात सांता क्लाराला आपली पोरं कम्प्युटर जुळवत होती तेव्हा मी टब घासत होतो. तिथं माझ्याबरोबर लोरीन म्हणून झुनी बाई लाँड्री बघायची. झुनी म्हणजे गॅलपच्या दक्षिणेला राहणारे लोक, त्यांच्या गावाचं नावही झुनीच. शतकानुशतकं त्याच जागी. त्यांची भाषा दुसऱ्या कुठल्याच भाषेशी जुळत नाही म्हणे. तिचं इंग्रजी मला कळायचं आणि माझं तिला, कारण दोघांनीही ते उसनं आणलेलं. मी तिला मावशी म्हणायला लागलो. म्हणजे काय, तिनं विचारलं. आईची बहीण, मी सांगितलं. तर म्हणाली, आमच्यात तिलाही आईच म्हणतात, तेव्हा जरा जपून बोल.

त्यांच्यात घर बाईचं. कूळ आईकडनं येतं आणि लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. म्हणजे अख्खं गाव घरजावयांचं. हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण मी बहिणीच्या घरी राहत होतो. लोरीन म्हणाली, राहतात ते, पण शेतात काम करतात.

तुम्ही जे मागं राहिलात त्यांना चिंचेचं काही वाटणार नाही, आणि जे शिकागोला गेलात त्यांना ती डेव्हन ॲव्हेन्यूवर पाकिटात मिळते. गॅलपला चिंच नव्हती. आई चिंच लावून टाक दोन बोटांनी हळूच चोळायची. माझ्याकडं होती टबाची पावडर. पहिल्या रविवारी देव असा चकाकला की मी ताईला हाका मारून दाखवला. मग दर रविवारी तेच. घरापासनं एवढ्या लांब आलोय, दुसरं काय करतोय त्याच्यासाठी, म्हणून जरा जोरच लावायचो. पुढं हाताचा जोर पुरेना म्हणून तारेची घासणी घेतली. काही वर्षांनी एका रविवारी बघतो तर देवाला नाक नाही. डोळे नाहीत. मिशी गेली. तलवारीची नुसती रेघ. घोडा तेवढा, चांगला जाड ठोकलेला, जसाच्या तसा.

आणि त्याच महिन्यात ताईनं सांगितलं की आई येतेय. मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला इथं असेल.

नाक नसलेला देव तिला दाखवायचा कसा? पण झुनीत तर घराघरात चांदीचं काम चालतं. फिरोजा, पोवळं, शिंपला असं बारीक कापून चांदीत बसवतात की सांधा दिसत नाही. लोरीनच्या घरी स्वयंपाकाच्या टेबलावरच तिची सगळी हत्यारं. म्हणून एका सुट्टीला गेलो. गावाच्या मागं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सपाट माथ्याचा डोंगर आहे. स्पॅनिश लोक आले तेव्हा झुनी त्याच्यावर चढून राहिले होते. अंगणात मातीच्या घुमटासारख्या भट्ट्या, त्यात पाव भाजत होते. मी टाक टेबलावर ठेवला आणि म्हणलं, मावशी, देवाला नाकडोळे करून दे.

तिनं विचारलं, हा कोण? मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, खुर्चीवर उलटा बसून घोडा दौडवला, भंडारा उधळला, कुत्र्यासारखा भुंकलो. तिची म्हातारी आई चुलीपाशी बसून हसली. मला चेव आला. लोरीन म्हणाली, आमच्यातही लोकांना हसवणारे असतात, ते देवाचंच काम आहे. मी खूश झालो. ती म्हणाली, पण ते उपास करतात.

मग तिनं पेन्सिल घेतली. "चेहरा कसा होता?"

मी तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. जन्मल्यापासनं बघितलेला देव. मिशी वर वळलेली की खाली? डोळे मोठे होते ना? घोड्याच्या कानापर्यंत सगळं आठवत होतं, त्याच्या वर काही येईना. मी गावाकडचं देवघर आठवून बघितलं, तर तेही धुरकट. कोनाडा डाव्या हाताला की उजव्या, तेही सांगता येईना. 

लोरीननं पेन्सिल खाली ठेवली. म्हणाली, "तुला माहीत नाही, तर मी कुठनं काढू? माझ्या मनानं तोंड दिलं तर तो तुमचा देव राहील का?"

मग तिनं सांगितलं. त्यांचे लाकडाचे देव असतात, डोंगरावर उघड्यावर ठेवलेले. ते कुणी कुणी चोरून नेले, विकले, शेवटी लांबच्या म्युझियममध्ये काचेआड गेले. झुनींची म्हातारी माणसं ते परत मागत होती, थोडे मिळालेही होते. म्युझियमवाल्यांना काळजी एकच, उघड्यावर ठेवलेत तर ते कुजतील. म्हातारे म्हणाले, कुजायलाच हवेत. ऊन-पाऊस खात मातीत जायचं, हेच त्यांचं काम. काचेआड ते अडकून पडलेत.

मी म्हणलं, तुमचे पावसानं जातात मावशी, माझा पावडरीनं गेला. आई मारेल.

"मग मार खा," ती म्हणाली आणि मला भट्टीतला पाव बांधून दिला.

आई आली. गॅलपला बर्फ पडला होता. झुनीत त्याच दिवसांत त्यांचे उंच, पक्ष्यासारख्या मुखवट्यांचे देव नव्या घरांना आशीर्वाद द्यायला येतात. लोरीननं आम्हाला बोलावलं, फोटो काढायचा नाही एवढंच बजावलं. आईला त्यातलं काय कळलं माहीत नाही. पण लोरीनच्या आईनं मक्याचं पीठ चिमटीत धरून दारात टाकलेलं तिनं बघितलं, आणि कमरेच्या पिशवीतला भंडारा काढून तिच्या कपाळाला लावला. दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून बसल्या. एकीला मराठी येत होतं, एकीला झुनी. माझं भाषांतर कुणी मागितलं नाही.

घरी आल्यावर मी टाक तिच्या हातात दिला. तिनं तो उलटासुलटा केला. मी घाईनं म्हणलं, तू परत घेऊन जा, सोनाराकडनं नवा करून घे, आणि हा आपल्याकडं करतात तसा नदीत सोड.

ती म्हणाली, "तुला यायचंय का परत?"

 येणार असं मी दरवर्षी फोनवर सांगायचो. त्या दिवशी तोंडातनं निघेना. एवढी वर्षं मला वाटत होतं की घर तिकडं आहे, जसंच्या तसं, आणि मी त्याला नुसतं इकडनं घासूनपुसून ठेवतोय. घासून घासून माझ्याकडं त्याचं काय उरलं होतं, ते तिच्या हातात होतं.

"मग त्याला एकट्याला कशाला पाठवतोस?" आई म्हणाली. "राहू दे इथंच."

तिथं गप्प बसायचं. पण मला जमलं असतं तर मी मी कसला. म्हणलं, बघ आई, देव झिजेपर्यंत सेवा केली मी.

तिनं टाक खिडकीच्या उजेडात धरला. आधी त्याच्याकडं बघितलं. मग बघितलं माझ्याकडं.

"देव गेला सगळा," ती म्हणाली. "घोडा तेवढा राहिलाय."