विहीणबाईंसाठी बोटीवरचा फिल्टर

आमच्या घरात बोट घ्यायचा निर्णय चहा गार व्हायच्या आत झाला. तिच्यावरचा पिण्याच्या पाण्याचा फिल्टर ठरवायला मात्र श्रावणापासून दिवाळी उलटेपर्यंतचा काळ लागला.

कोल्हापुरात माणूस रिटायर झाला की म्हैस घेतो, नाहीतर प्लॉट घेतो. आमच्या ह्यांनी बोट घेतली. सेकंडहँड, मालवणहून ट्रकवर घालून आणलेली. सहा माणसं बसतील एवढी जागा, दोन बर्थांची केबिन आणि स्टोव्ह मावेल एवढा एक ओटा. (त्याला हे 'किचन' म्हणत. मी आत गेले की स्टोव्हला बाहेर यावं लागे!)

"पंचगंगेतनं निघायचं ते थेट नृसिंहवाडी!" हे म्हणाले. "रात्री बोटीतच मुक्काम. सकाळी उठून दत्ताचं दर्शन. पुण्याच्या पाहुण्यांना असं कोण नेणार हाय?"

पुण्याचे पाहुणे म्हणजे आमची वर्षा जिथं नुकतीच दिली होती ती मंडळी. दिवाळीनंतर व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला येणार होते. व्याही पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. विहीणबाई शांत नव्हत्या, पण बोलत कमी. लग्नात त्यांनी आमच्याकडचा पाण्याचा ग्लास उजेडाकडे धरला, निरखून पाहिला आणि तसाच खाली ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर मी उत्तर तरी दिलं असतं! त्यामुळे बोटीचं ठरताच मी पुण्याला फोन लावून सांगून टाकलं, "बोटीवर तुम्हाला पुण्यापेक्षा स्वच्छ पाणी मिळेल." फोन ठेवला आणि मग मला पंचगंगा आठवली. आमच्या नदीत शहराचं सांडपाणी असतं, कारखान्यांची मळी असते, म्हशी असतात, निर्माल्य असतं. पाणीही असतं.

आता लेकीच्या माहेरची इज्जत एका फिल्टरवर येऊन ठेपली होती.

पहिला उमेदवार विजेवर चालणारा, भिंतीला अडकवायचा. शेजारणीनं चार दिवस वापरून बघायला दिला. त्याला वीज हवी, नळ हवा आणि भिंत हवी. बोटीत यातलं एकही नव्हतं. हे म्हणाले, "बॅटरी बसवू की!" बॅटरी बसवल्यावर बोट एका अंगाला झुकली. ती सरळ करायला दुसऱ्या अंगाला मी बसले. मी उठेपर्यंत बोट ठीक होती.

दुसरा हातपंपाचा. ह्यांचे मित्र दिनकरअण्णा यांनी तो भाच्याकरवी गोव्याहून मागवला. अण्णा गावाकडच्या दूध संस्थेचे सचिव. पंप बोटीसाठीच बनवलेला होता, दिसायलाही देखणा. पण एक ग्लास पाणी काढताना इतका दम लागे, की तो ग्लास पंप मारणाऱ्यालाच पाजावा लागे!

तिसरा आपला साधा स्टीलचा, दोन मजली, आत कँडल असलेला. तो थेंब थेंब गळायचा. मधल्या वेळात माणसानं दुसरीकडे जाऊन पाणी पिऊन यावं.

"वैनी, चव बघितल्याबिगर ठरवायचं न्हाय," अण्णा म्हणाले. "दुधाचं बी तसंच. भांडं बघून फॅट कळत न्हाय."

इथं मी डोकं लढवलं. (मी व्यवहारी आहे, असं सगळे म्हणतात. मीच सुरुवात केली होती.) मी म्हटलं, पाण्याची खरी परीक्षा पांढऱ्या रश्शात. तिन्ही फिल्टरांचं पाणी घेऊन तीन पातेल्यांत तीन रस्से करायचे. मसाला तोच, मटण तेच, फरक फक्त पाण्याचा! रविवारी मी सकाळपासून राबले. हे आणि अण्णा पाटावर बसले आणि वाट्यांमागून वाट्या रिचवू लागले.

"पहिला जरा पातळ लागतोय," हे म्हणाले.

"व्हय. आणि मधल्याला बॉडी हाय," अण्णा म्हणाले. "तिसरा परत वाढा बघू. घाईनं निकाल द्यायचा न्हाय."

तिसरा परत वाढला, मग पहिलाही परत वाढला. तिन्ही पातेली खडखडीत झाल्यावर अण्णांनी ढेकर देऊन निकाल दिला, "तिसरा. कँडलचा. त्याला मटणबी जास्त आलंतं."

तेवढ्यात माहेरपणाला आलेली वर्षा स्वयंपाकघरात आली. "आई, रस्सा उकळलास ना?"

"म्हणजे काय! चांगला खळखळून."

"मग पाणी कुठलंही असलं तरी काय फरक पडतो?"

अण्णांनी बोटं चाटणं थांबवलं.

"आणि पाणी घरूनच दोन कॅन भरून नेलं तर?" कार्टी थांबेना.

"मग बोटीचा फिल्टर कशाला आणला?" हे चिडून म्हणाले. मीही ह्यांच्या बाजूनं उभी राहिले. (संसारात असे प्रसंग फार येत नाहीत.) "बोट म्हणजे स्वयंपूर्ण पाहिजे," मी म्हटलं, आणि कँडलचा फिल्टर मंजूर झाला.

बोटीत तो डुलू नये म्हणून ह्यांनी सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली आणि अण्णांनी म्हशीचा कासरा आणून त्याला चहूबाजूंनी आवळला. दिवाळीनंतर पाहुणे आले, आणि या पहिल्या प्रवाशाला दावणीला बांधून आमची बोट घाटावरून निघाली. हे सुकाणूवर, अण्णा पुढच्या टोकाला, मधे व्याही, विहीणबाई आणि वर्षा. मी फिल्टरशेजारी, नळावर हात ठेवून.

काठानं ऊस उभा होता. ऊन कोवळं होतं. मी विहीणबाईंना ग्लास भरून दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. मग त्या घोट घोट करत सगळा प्यायल्या! "अजून अर्धा घ्या" म्हटल्यावर नको म्हणाल्या नाहीत. मी वर्षाकडे असं पाहिलं, की जणू पंचगंगा मीच गाळून घेतली आहे.

एवढ्यात ह्यांनी इंजिन बंद केलं.

समोर बंधारा होता. या काठापासून त्या काठापर्यंत दगडी खांब, खांबांच्या मधे नुकत्याच घातलेल्या फळ्या, वर रस्ता. रस्त्यावर दुधाच्या किटल्या लावलेली सायकल टेकून एक बाप्या आमच्याकडे बघत होता.

"पावणं, कुठं निघालासा?"

"वाडीला!" ह्यांनी सवयीनं सांगितलं.

"बोटीतनं?"

"व्हय!"

"मग उतरा की खाली! आणि घ्या बोट खांद्यावर!"

आता मला हे सांगताना बरं वाटत नाही, पण माझं माहेर कोडोलीचं. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या स्कूटरवर मागं बसून याच बंधाऱ्यावरून माहेरी जात आले. दर वेळी खाली बघून म्हणायचे, "यंदा पाणी छान अडलंय हो!" आणि असा बंधारा राज्यभर ओळखला जातो तोच मुळी कोल्हापूर पद्धतीचा म्हणून. वाडीपर्यंत असे आणखी किती आहेत ते मोजायची हिंमत बोटीतल्या कुणाला झाली नाही.

"मला वाटलंतं तुम्ही बघितलासा," अण्णा ह्यांना म्हणाले.

"पुढं कोण बसलंय, तुम्ही का मी?" हे ओरडले.

मी हळूच व्याह्यांकडे वळले. "तुम्हाला तर माहीत असणार."

"हो ना. माझी नोकरीच अशा बंधाऱ्यांवर सुरू झाली," ते संकोचून म्हणाले. "पण वर्षा सांगत होती, आई कित्येक महिने पाण्याचाच अभ्यास करते आहे. म्हटलं, काहीतरी सोय केलेली असेल. आपण मधे कशाला बोला!"

वर्षानं पदर तोंडात कोंबला. विहीणबाई मात्र रिकामा ग्लास हातात धरून बंधाऱ्याकडे एकटक बघत होत्या. फळ्यांच्या फटींतून पाणी झिरपून पलीकडे पडत होतं. अलीकडे केंदाळ, फेस, एक फुटकी टोपली आणि आम्ही सगळे थोपून राहिलो होतो.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "फिल्टर असावा तर असा! पाणी तेवढं पुढं सोडतोय, बाकी सगळं कसं बरोब्बर अडवलंय!"

आणि त्या हसत सुटल्या. आमच्याकडच्या एखाद्या वस्तूची त्यांनी तोंड भरून केलेली ही पहिलीच तारीफ. नेमकी ती वस्तू सरकारी निघाली!