पाठ डोंगराला

ऑगस्टच्या उकाड्यात शुगर लँड या आमच्या अमेरिकन उपनगरातली माणसं गाडीपासून दारापर्यंतसुद्धा पळत जातात. त्या उन्हात शुभाकाकू पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाची पिशवी घालून रस्त्याच्या कडेनं खुशाल चालत असायच्या. मी इथे नवीन होते. गाडी थांबवून विचारलं, "काकू, राइड देऊ?"

"खेचराला कधी कुणी राइड देतं का गं?" म्हणत त्या पुढे गेल्यासुद्धा.

निवृत्त भूलतज्ज्ञ, सत्तरी ओलांडलेली बाई. काका गेल्यावर त्या दरवर्षी मोरोक्कोत, ॲटलासच्या डोंगरात जायला लागल्या. ब्राहिम नावाच्या खेचरवाल्याबरोबर बर्बर या तिथल्या डोंगरी लोकांच्या एका गावातून दुसऱ्या गावात चालत जायचं, सामान खेचरावर, मुक्काम कुणाच्या तरी घरी. पहिल्याच वर्षी अरुंद वाटेवर समोरून लादलेली खेचरं आली. काकू सवयीनं अंग चोरून दरीच्या बाजूला सरकल्या. ब्राहिमनं दंड धरून त्यांना आत ओढलं आणि चांगलंच झापलं. वाट द्यायची ती डोंगराला पाठ लावून! ओझ्याचा नुसता धक्का लागला असता तरी त्या खाली गेल्या असत्या.

"आपल्या बायकांना तेच शिकवलेलं," काकू म्हणायच्या. "दुसऱ्याला वाट द्या आणि स्वतःचा कडेलोट करून घ्या." माझ्या मॅनेजरनं ऐन वेळी माझी रजा कॅन्सल केली, तेव्हाही त्यांचं एकच, "पाठ डोंगराला!" मी भांडले आणि रजा घेतली.

मग काकूंचं हृदय कुरकुरायला लागलं. त्यांचा मुलगा निखिल प्लेनोहून आला आणि माझ्यासमोरच म्हणाला, "आई, तुझं तिकीट मी कॅन्सल केलंय. आता प्लेनोला चल, आमच्याकडे राहा. तिकडे डोंगरात काही झालं तर?"

काकू फ्रिजला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आणि इथे काही होणारच नाही? चढ झेपत नाही हे मलाही कळतं. खेचरावर बसेन. इतकी वर्षं त्यानं माझं सामान नेलं, यंदा मीच सामान."

निखिल तणतणत निघून गेला. काकूंनी दुसरं तिकीट काढलं. एअरपोर्टला मीच सोडलं, आणि जीव माझाही थाऱ्यावर नव्हता. आठवड्यानं फोटो आला. खेचरावर दोन गाठोड्यांच्या मधे काकू, उन्हानं रापलेल्या, चेहऱ्यावर नुसती मस्ती.

परत आल्या आणि दोनेक महिन्यांनी, इथे आपल्याच पलंगावर, झोपेत गेल्या. मी खूप रडले.

फ्युनरल होममध्ये एका मावशींनी निखिलला गाठलंच. "या वयात डोंगरात जाऊ दिलंस? थांबवायचं नाही का रे?"

निखिल मागे सरकला. मला वाटलं, आता हा कोसळणार. त्यानं भिंतीला पाठ टेकवली.

"थांबवलं होतं, मावशी. ती थांबली नाही. बरं झालं."