डाव्या डोळ्याचा रंग

"सुकल्यावर बोल."

ओल्या भिंतीकडे बघून कुणी तोंड उघडलं की तो एवढंच म्हणायचा. समोर गिऱ्हाईक असो, आर्किटेक्ट असो की मी असो. मग डाव्या मनगटावर, जिथे लोक घड्याळ बांधतात तिथे, रंगाचं एक बोट ओढायचा, त्यावर फुंकर मारायचा आणि हात उजेडात धरून उभा राहायचा. त्याचं मनगट बघितलं की मला कळायचं, आज हा कुठल्या घरातून आलाय.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. कामात देव, वागण्यात हट्टी, आणि तुमचं काहीही न ऐकणारा.

सगळे त्याला दादा म्हणायचे. मीही. मी जालन्याहून मुंबईत आलो तेव्हा त्याच्या हाताखाली भिंती घासायचो. पुढे माझी जीभ चालली, मी स्वतः कामं घ्यायला लागलो आणि तो माझ्याकडे कामाला आला. त्या दिवसापासून मला 'शेठ' म्हणू लागला. त्या शब्दात मानापेक्षा चिमटा जास्त असायचा. पार्टनर हो, म्हणून मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हसला.

"भांडायला तू बरा आहेस शेठ. मी रंग कालवतो."

दोन वर्षं झाली, तो राजापूरकडे आपल्या गावी आहे. माझा त्याच्यावर राग आहे, अजून आहे. का, ते सांगतो. चूक कुणाची ते तुम्ही ठरवा.

आता रंगाच्या दुकानात यंत्र असतं. नंबर सांगितला की यंत्र थेंब मोजून टाकतं. दादाला यंत्र चालायचं नाही. तो पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन खाली बसायचा, काठी फिरवत एकेक थेंब सोडायचा. भिंत मधेच फोडली आणि तेवढाच तुकडा रंगवायचा असला, तर यंत्राच्या रंगाचा जोड दिसतो. दादाचा दिसायचा नाही. या एका गोष्टीवर मी अर्ध्या मुलुंडमध्ये भाव चढवून घेतला. 'जोड दाखवा आणि पैसे देऊ नका,' असं छाती ठोकून सांगायचो.

मग घाटकोपरचा तो फ्लॅट आला. बेडरूमला हस्तिदंती सांगितला होता. काम संपलं, सुकलं, घरची बाई आत गेली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "भाऊ, ही बेडरूम आहे की बाथरूम?"

मी आत जाऊन बघितलं. भिंती निळसर. त्या वर्षात अशी तक्रार तिसऱ्यांदा येत होती. माझं डोकं फिरलं. चार माणसांसमोर ओरडलो, "आंधळा झालास काय रे दादा?"

तो नळाखाली ब्रश धुवत बसला. पाणी स्वच्छ यायला लागलं तरी धुतच राहिला.

तेव्हा मी नीट लक्ष दिलं. पूर्वी हस्तिदंतीत तो निळ्याचा एखादा थेंब टाकायचा. आता चार-पाच टाकत होता. दुसऱ्याच दिवशी मी त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर एक तरुण मुलगी होती. म्हणाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डोळ्याच्या आतली काच पिवळी पडलीय. कोऱ्या चहातून बघितल्यासारखं दिसत असणार यांना. निळा नीट पोचतच नाही.

"म्हणून हा जास्त टाकतो," मी म्हणालो.

"किती दिवसांपासून?" दादानं विचारलं.

"हळूहळू होतं हे. तीन-चार वर्षं तरी असेल."

"तीन-चार वर्षं," तो म्हणाला, आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागला. घरं मोजत होता. मी त्याचा हात धरून खाली केला.

माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. मी डॉक्टरला विचारलं, "दोन्ही डोळे एकदम केले तर कमी काय कराल?"

"काका, डोळे आहेत, खिडक्यांचे पडदे नाहीत," ती म्हणाली. "आधी उजवा. डावा महिन्यानंतर."

त्या महिन्याभरानंच घात केला.

उजवा डोळा झाला आणि तिसऱ्या आठवड्यात मुलुंड पश्चिमेच्या एका जुन्या बंगल्याचं काम आलं. तिन्ही बाजूंना टॉवर आणि मधे तो एकमजली बंगला. दिवाणखाना जुन्या पद्धतीचा. उंच छत, सागवानी दारं, दारांवर रंगीत काचांच्या कमानी, खाली तांबड्या-हिरव्या फुलांच्या सिमेंटच्या फरशा. तिथल्या काकूंचं सहस्रचंद्रदर्शन पंधरा दिवसांवर आलं होतं. गळतीमुळे जुना गिलावा पार विटांपर्यंत काढून नवा केलेला, त्यामुळे पूर्वीच्या रंगाचा कपचाही शिल्लक नव्हता. फोटो होते, पण सगळे काळे-पांढरे.

मुलानं शेड कार्डावरून राखाडी निवडून ठेवला होता. साठीचा सभ्य माणूस.

"राखाडी नको," काकू म्हणाल्या. "मी या घरात आले तेव्हा सासऱ्यांनी दिलेला रंग होता. तोच हवा. एकदा त्या रंगात बसायचंय मला."

"कसा होता, काकू?" मी विचारलं.

"ताक ठेवून दिलं की वर निवळी येते ना, तसा."

मी मुलाकडे बघितलं, मुलगा माझ्याकडे. ताकाच्या निवळीचा नंबर कुठल्या कार्डात असतो? पण दादाला मी बरोबर आणलं होतं, फक्त रंग सांगण्यापुरतं. तो काळा चष्मा घालून दारात उभा होता. तिथून म्हणाला, "फरशीतल्या हिरव्याकडे झुकणारा?"

"अगदी."

"चुन्यात नीळ आणि चिमूटभर मोरचूद. पोरगा असताना मी कालवलाय तो."

काकू त्याला म्हणाल्या, "पेंटर, तुम्ही आत या."

तो आत आला, डबा घेऊन बसला आणि रंग कालवायला लागला. थोड्या वेळानं त्यानं काळा चष्मा काढला. एक डोळा हातानं झाकला. मग दुसरा झाकला. परत पहिला. असं कितीतरी वेळ चाललं होतं. त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"शेठ, दोन डबे दिसतात."

"म्हणजे?"

"डाव्यानं बघितलं तर हाच तो रंग. उजव्यानं बघितलं तर पार निळा."

"उजवा खरा," मी म्हणालो. "पैसे त्याचे भरलेत."

त्याला हसू आलं नाही. इतक्या वर्षांत मी त्याला घाबरलेला पहिल्यांदा बघितला. शिडी हलली तरी न हलणारा माणूस. माझ्या बाहीला धरून म्हणाला, "शेठ, मला कळत नाही रे."

मी काय सांगणार? मला भाव करता येतो, भांडता येतं. माणसानं कुठल्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

शेवटी त्यानं दोन रंग केले. एक उजव्या डोळ्यानं, एक डाव्या. भिंतीवर शेजारी शेजारी दोन चौकोन मारले आणि सुकेपर्यंत आम्ही सगळे चहा पीत बसलो. उजवीकडचा फिका, मंद, सुरेख होता. डावीकडचा पोहायच्या तलावातल्या टाइल्ससारखा. सरळ सरळ निळा. कुणीही सांगितलं असतं.

काकू काठी टेकत आल्या. जाड चष्मा वर-खाली केला. आणि काठी उचलून डाव्या चौकोनावर टेकवली.

"हा. हाच तो."

"आई, नीट बघ," मुलगा म्हणाला.

"नीटच बघतेय. तो दुसरा मळका आहे, पिवळट. हा बघ कसा निवळ आहे."

मी म्हणालो, "काकू, चारी भिंतींना मारला की हा फार निळा होईल हो."

"तुम्ही होता का तेव्हा? नव्हतात ना? मग?"

दादानं हळूच विचारलं, "डोळे दाखवलेत का काकू?"

"दाखवलेत. मोतीबिंदू आहे. पिकू द्या, मग बघू, म्हणालेत."

दादानं माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं, मलाही कळलं. काकू नेमक्या त्याच्या डाव्या डोळ्यानं बघत होत्या.

मी त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं. "उजवा मार. त्यांना काय कळणार आहे? समारंभाला शंभर माणसं येतील, त्यांना डोळे आहेत. माझं नाव जाईल."

"घर कुणाचं आहे?"

"दादा, मी सांगतोय ना..."

"घर कुणाचं आहे, शेठ?"

मी मुलाला गाठलं. त्यानं हात जोडले. "आईच्या मनासारखं होऊ द्या. फार दिवस उरलेत असं नाही."

आणि मग मला राग आणणारी खरी गोष्ट. काम मी दुसऱ्यांना देणार होतो. डॉक्टरनं दादाला धुळीत जायला बंदी केली होती. त्यानं ऐकलं नाही. उजव्या डोळ्यावर रुमाल बांधला, पाठीमागे गाठ मारली आणि तो अख्खा दिवाणखाना एकट्यानं रंगवला. तीन दिवस. मी शिव्या घातल्या, हाता-पाया पडलो, शिडी उचलून नेतो म्हणालो. काकू लाकडी कोचावर बसून बघायच्या आणि मधेच म्हणायच्या, "त्या कोपऱ्यात जरा अजून, पेंटर." "हो काकू." त्या दोघांत तिसऱ्या माणसाला जागाच नव्हती.

समारंभ झाला. पाहुणे भिंतींकडे बघायचे आणि एकमेकांकडे बघायचे. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, हा रंग स्वस्तात मिळाला काय. काकू मात्र ओवाळून घेताना समोरच्या ताटाकडे न बघता भिंतीकडे बघत होत्या.

पुढच्या आठवड्यात दादाचा डावा डोळाही झाला. मी म्हटलं, सुटलो. आता दोन्ही डोळे एकच सांगतील.

तो कामावर आलाच नाही. मी त्याच्या खोलीवर गेलो तर म्हणाला, "हे डोळे नवे आहेत शेठ. यांनी कधी रंग कालवलेला नाही. तू यंत्र वापर." नंतर मला एकेका गिऱ्हाइकाकडून कळत गेलं. हा गेल्या तीन-चार वर्षांतल्या घरांची दारं वाजवत फिरत होता. प्यायला पाणी मागायचा, उभ्या उभ्या भिंत बघायचा, 'बरं' म्हणायचा आणि निघायचा.

सहा महिन्यांनी बंगल्यातून फोन. काकूंचा मोतीबिंदू पिकला होता, काढला होता.

"अहो कॉन्ट्रॅक्टर, माझ्या दिवाणखान्याचं काय करून ठेवलंत? नीळ सांडल्यासारखा दिसतोय."

मी म्हणालो, उद्या माणसं लावतो, एक पैसा घेणार नाही. आयुष्यात असं वाक्य मी दुसऱ्या कुणाला बोललेलो नाही. त्या म्हणाल्या, "माणसं नकोत. त्या पेंटरला घेऊन या."

तो येणार नाही असं मला वाटलं होतं. मुकाट्यानं शर्ट बदलून आला.

काकूंनी आम्हाला बसायला सांगितलं. गिऱ्हाइकाच्या कोचावर दादा कधी बसत नसे, त्या दिवशी बसला. बशीत चकल्या आल्या. चारी भिंती आमच्यावर निळ्या होऊन उभ्या होत्या. मी तोंड उघडलं. "काकू, चूक आमची..."

"तुम्ही थांबा हो." मग त्याला म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्हीच सांगितलंत तेव्हा."

"मग का दिलात हा?"

दादानं बशी बाजूला सरकवली. "मला पण एका डोळ्यानं तोच दिसत होता, काकू. थोड्याच दिवसांत तोही डोळा बदलायचा होता. मग कुणाला विचारलं असतं?"

काकू भिंतीकडे बघत राहिल्या. "पण त्या दिवशी होता ना?"

"होता."

"सासऱ्यांच्या वेळचा. तंतोतंत."

"तंतोतंत."

"आणि आता?"

"आता निळा आहे," दादा म्हणाला.

"निळाच आहे हो," असं म्हणून काकू हसायला लागल्या, आणि तोही हसायला लागला. दोघं म्हातारी माणसं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसण्यासारखं काय होतं मला समजेना. पुन्हा रंगवू का, असं मी मधे विचारलं. काकूंनी नुसता हात हलवला. राहू दे.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला कसा दिसला होता तेव्हा?"

मी या प्रश्नाची सहा महिने वाट बघत होतो. "निळा," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून निळा. मी ओरडून सांगत होतो, काकू. या अख्ख्या घरात मी एकटा बरोबर होतो."

आता तरी दोघांपैकी कुणी मान्य करेल, असं मला वाटलं.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "अरेरे," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्हाला तो दिसलाच नाही."

दादानं आपल्या बशीतली चकली उचलली आणि माझ्या बशीत ठेवली. आजारी माणसाला देतात तशी, अगदी हळू. मला भांडायचं होतं. पण भांडायचं कुणाशी आणि कशावर, ते मला सुचेना.

मी ती चकली खाल्ली.