मीटरवाल्याची उसनी पेन्सिल

खिशात मावणारा नवा कॉम्प्युटर हातात आला आणि पाण्याचे मीटर वाचणाऱ्या काकांनी पहिल्याच घरी घोळ घातला. शिवणकामवाल्या मावशींचा आकडा होता ४१२. काकांच्या जाड बोटाने दाबला ४१२२. यंत्र टुणकन वाजलं आणि थेट पुढचं घर दाखवू लागलं. मागे फिरायला वाटच नाही!

"एवढं पाणी? हत्ती पाळलाय का मी?" मावशी कडाडल्या. "नळ तोडतील ना माझा!"

"सव्वीस वर्षं वहीत चुकलं की रेघ मारून सही करायचो," काका भडकले. "आणि हा दीडशहाणा! मुठीएवढा जीव, पण माणसाला चूक कबूल करू देत नाही!"

ऑफिसने वहीबरोबर पेन्सिलही काढून घेतली होती. मावशींनी कापडावर खुणा करायची आपली पेन्सिल पुढे केली. काकांनी मीटरशेजारी भिंतीवर ठळक ४१२ लिहिलं, खाली सही ठोकली आणि त्याच यंत्राने फोटो काढून साहेबांना पाठवला. संध्याकाळपर्यंत आकडा सुधारला. भिंत खराब केल्याबद्दल काकांना समजही मिळाली.

मावशींची पेन्सिल मात्र अजून काकांच्या कानामागे आहे. त्यांनी मागितली की काका यंत्राकडे बोट दाखवून म्हणतात, "याला अक्कल आली की देतो."