लंगड्या राघूचा कौल

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेला बायका बांगड्या भरायला जातात. मी गेले आणि लंगडा राघू घेऊन आले. सासूबाईंनी मला पुढे कितीतरी दिवस ते ऐकवलं.

झालं असं, की जत्रेत लिंबाखाली एक पोपटवाला जोतिषी बसला होता. त्याचा नवा पोपट पिंजऱ्यातून ऐटीत बाहेर यायचा, मांडलेल्या पाकिटांतलं एक चोचीनं ओढायचा आणि दाणा घेऊन आत जायचा. शेजारी वेताच्या बुट्टीत जुना पोपट पडलेला. त्याचा डावा पाय मांजरानं धरला होता. पाय वाळून काटकीसारखा झालेला आणि त्याच बाजूचा पंखही लुळा. "ले जाव बाई, हमारे काम का नै अब," जोतिषी म्हणाला. मला असा संताप आला! इतके दिवस त्याच्या चोचीवर भाकरी खाल्लीस, आणि आता कामाचा नाही? खरं सांगायचं तर तो शब्द मलाच लागला होता. लग्नाला बरीच वर्षं होऊनही माझी कूस उजवली नव्हती, आणि घरात माझ्याबद्दल हेच बोललं जायचं. मी बुट्टी उचलली नि चालू लागले. बांगड्या राहूनच गेल्या.

आमचे हे गिरणीत मागावर होते. माणूस घुमा. राघूकडे बघून "आता हे काय?" एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले.

लंगड्या राघूचं करणं म्हणजे तान्ह्या पोराचं करणं. दुसरे पोपट एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायात मिरची धरतात. याला ती आपणच धरायला लागायची, तीही उजवीकडून. डावीकडे वळला की तोल जाऊन बदकन पडायचा, आणि पडला की असा कोकलायचा की सगळी चाळ गोळा. म्हणून डावीकडे तो वळतच नसे. गोल दांडीवर बसता येईना, तेव्हा मी पिंजऱ्यात जुन्या पाटाची फळी घातली. शेंगदाणे, थंडीत हुरडा, भाकरीचा पापुद्रा, सगळं मिटक्या मारत खायचा. जोतिषाची सवय मात्र गेली नव्हती. समोर काही मांडलं की त्यातलं एक उचलायचं आणि मान लांब करून दाण्याची वाट बघायची.

सकाळी पिंजऱ्यात मिरचीची देठं सापडायची. मी पहाटे पाण्याला जायची, तेवढ्यात कुणीतरी त्याला मिरची घालायचं. मला वाटायचं, सासूबाईच. तोंडानं "लंगडी अवदसा" म्हणतात आणि माझ्या माघारी लाड करतात, असं मी मनाशी धरून चालले होते.

सासूबाईंना नातू पाहिजे होता. मोहोळकडची, त्यांच्या माहेरच्या नात्यातली एक मुलगी त्यांनी हेरून ठेवली होती. माझ्यासमोरच बोलायच्या. "तुला काय घराभाईर काढतंय का कुणी? दोघी मिळून ऱ्हावा की." म्हणजे सवत आणायची आणि वर मीच तिला ओवाळायचं! ह्यांना विचारलं तर हे म्हणायचे, "आई म्हणंल तसं." मी आतल्या आत धुमसत होते आणि घाबरलेही होते. माहेरी मला थारा नव्हता.

असल्या गोष्टी आमच्याकडे देवाला विचारून करतात. देवाच्या अंगाला दोन बाजूंना कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. सासूबाईंनी देवळात गुरवाकडून कौल लावला, तर एकही कळी पडेना. पुढच्या सोमवारीही तेच. त्या वैतागल्या. मग त्यांच्या मनानं घेतलं, की घरात जोतिषाचा पोपट असताना गुरवाचे पाय कशाला धरायचे?

रविवारी दुपारी त्यांनी पाट मांडून राघूला फडक्यात धरून मधोमध बसवलं. एका बाजूला हळकुंड, दुसऱ्या बाजूला सुपारी. हळकुंड उचललं तर मुलाचं दुसरं लग्न, सुपारी उचलली तर पुन्हा विषय काढणार नाही, असं त्यांनी देवाला मोठ्यानं सांगितलं. बाई शब्दाला पक्की, हे मात्र कबूल केलं पाहिजे. मी बघितलं. हळकुंड राघूच्या उजवीकडे होतं.

तो डावीकडे वळत नाही असं मी म्हटलं असतं, तर सासूबाई म्हणाल्या असत्या, बघा, आता देवालाही शिकवायला निघाली. मी चौकटीला धरून उभी राहिले. राघूनं मान तिरकी करून हळकुंडाकडे बघितलं.

हे बाजेवर पडले होते, ते उठून आले. "डोळ्यावर ऊन येतंय की त्याच्या," म्हणाले. राघूला दोन्ही हातांनी उचललं आणि तिथंच उलट्या तोंडानं बसवलं. राघू चावला नाही. परक्याचं बोट त्यानं फोडलं असतं.

"आरं, हात लावू नगं त्येला!" सासूबाई ओरडल्या.

"तोंड तेवढं फिरवलंय. हळकुंड हाय तितं हाय, सुपारी हाय तितं हाय. मी कुटं काय हलवलं?"

सुपारी आता राघूच्या उजवीकडे आली होती. त्यानं ती उचलली आणि मान लांब करून दाणा मागितला.

सासूबाईंनी देवाला हात जोडले. मग "बरं, न्हाय तर न्हाय" म्हणाल्या आणि हळकुंड डब्यात टाकलं. देवाचं काम केलं म्हणून राघूला त्यांनी शेंगदाणा दिला, तो डावीकडून. राघू बदकन पडला आणि कोकलायला लागला.

त्यांनी त्याला कधी काही भरवलंच नव्हतं. मी वळून ह्यांच्याकडे बघितलं. हे बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

मला रडूही आलं आणि संतापही. अहो, इतके महिने मी झुरतेय, एक शब्द बोलला असतात तर जीभ झडली असती का? संध्याकाळी भाकरी वाढताना मी तसं विचारलंच.

"आईला न्हाय म्हणाय जमत न्हाय मला," हे म्हणाले, आणि ताटातली मिरची उचलून राघूसाठी बाजूला ठेवली.